बोक्याची सोनोग्राफी

नेरला आमचं कृषी केंद्र आहे. नवरा बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकतो, मी शाळेत शिकवते. एका वर्षी गोदामातल्या उंदरांनी बियाण्याच्या थैल्या कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा नवऱ्याने मंगल कार्यालयाच्या मागून एक पिवळं पिल्लू उचलून आणलं.

"याचा काही खर्च नाही," तो मला म्हणाला. "आपलं आपण पकडन, आपलं आपण खाईन."

पहिले काही महिने बोक्याने खरोखर काम केलं. मग आमची मुलगी पुण्याहून दिवाळीला आली. ती तिथे नोकरी करते आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे मांजर आहे, त्यामुळे मांजर या विषयावर तिच्यासमोर आम्हा दोघांना काही कळत नाही असं तिने आल्याआल्या जाहीर केलं. उंदीर खाल्ल्याने जंत होतात, दूध पचत नाही, पोळी तर अजिबात द्यायची नाही. जाण्याआधी तिने कोरड्या खाऊची मोठी पिशवी मागवली. त्या पिशवीवर चांदीच्या वाटीपुढे बसलेलं एक पांढरंशुभ्र मांजर छापलेलं होतं. आमच्या बोक्याने ते दाणे एकदा चाखले आणि त्या दिवसापासून तो नोकरीतून निवृत्त झाला. मी स्वतः पाहिलंय, गोदामात उंदीर त्याच्या नाकासमोरून गेला आणि बोक्याने फक्त शेपूट आवरून त्याला वाट दिली.

नवरा चिडायचा. पण मुलीने मागवलेली पिशवी संपली की दुसरी गुपचूप तोच मागवायचा. विचारलं तर म्हणायचा, "पोट्टी बोंबलन म्हणून मागवली."

बोका आजारी पडला तो भर उन्हाळ्यात, माझ्या सुट्ट्या लागल्या होत्या तेव्हा. सकाळी तो मुलीने आणायला लावलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला आणि उठेचना. उठला की दोन पावलं चालायचा, परत बसायचा, जोर लावायचा आणि बारीक आवाजात ओरडायचा. वाळू कोरडी ती कोरडीच. दुपारपर्यंत त्याने दोनदा उलटी केली.

मी दुकानात जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो एका गिऱ्हाइकाला संत्र्यावरच्या फवारणीचं सांगत होता. झाडाचं एक पान पिवळं पडलं तर तीन औषधं आणि वर एक टॉनिक घ्यायला लावणारा माणूस. माझं ऐकून तो म्हणाला, "गॅस झाला असन. आपोआप बरा होते."

गिऱ्हाइकानेही मान डोलावली. मी घरी परतले तर शेजारच्या काकू आल्या, त्यांनी बोक्याला नजर लागल्याचं सांगितलं आणि माझ्याच डब्यातल्या मिरच्या घेऊन माझ्याच गॅसवर जाळल्या. बोका तर शिंकलाच, मीही दिवसभर खोकत राहिले. नवऱ्याचा एक मित्र मेडिकलमध्ये बसतो, त्याने तापाची अर्धी गोळी पाठवून दिली. "लेकराले चालते, तं मांजराले काहून नाही चालनार?"

मी गोळी हातात धरून मुलीला फोन लावला. ती एवढ्या जोरात ओरडली की काकूंनाही ऐकू गेलं. "आई, ती गोळी फेकून दे! मांजराला ते विष आहे. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने!"

गोळी मी मोरीत टाकली आणि बोक्याला भाजीच्या जाळीच्या टोपलीत घालून, वर दुसरी टोपली उलटी बांधून, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे आमच्या पुढे एक म्हैस आणि चार बकऱ्या होत्या. म्हशीच्या मालकाने टोपलीत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "हे दूध देते का?"

"नाही."

"मंग काहून आणलं?"

डॉक्टर भले होते. त्यांनी बोक्याच्या पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, लघवी अडकली आहे. पोट दगडासारखं झालंय. माझ्याकडे याच्या मापाची नळी नाही. अमरावतीला न्या. आजच न्या, उद्यावर टाकू नका."

मी परत दुकानात गेले. गाडी काढा म्हटलं. नवरा म्हणाला, "अवं, बियाण्याचा ट्रक येऊन राह्यला. मी दुकान सोडून मांजरामागे अमरावतीले जाऊ? गाव काय म्हणन?"

गाव काय म्हणेल याची त्याला फार काळजी. गावाने आमच्यासाठी नेमकं काय केलंय हे मी लग्नापासून विचारते आहे, उत्तर अजून आलेलं नाही. मी टोपली उचलली आणि स्टँडवर गेले.

एसटीत मला खिडकीची जागा मिळाली, टोपली मांडीवर. कंडक्टर आला.

"कुठं?"

"अमरावती. एक."

तेवढ्यात टोपली ओरडली. कंडक्टर दचकून मागे सरकला.

"हे काय हाय बाई?"

"मांजर. आजारी आहे."

"याचं तिकीट?"

"तुम्हीच सांगा, लागतं का?"

त्याने आधी टोपलीकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग ड्रायव्हरला हाक मारली. "भाऊ, मांजराले तिकीट लागते काय?"

"लहान हाय का मोठं?" ड्रायव्हरने पुढूनच विचारलं.

मग अख्खी गाडी चर्चेत उतरली. कोणी म्हणालं अर्धं, कोणी म्हणालं सामानाचं. माझ्या मागच्या सीटवरच्या पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माणसाईले दवाखाना भेटून नाही राह्यला, आन् हे मांजरं घेऊन चालले अमरावतीले. पैसा झाला म्हनजे असं होते." त्यांच्या हातात पोपटाच्या पिंजऱ्याची नवी कोरी पेटी होती. मी पेटीकडे पाहिलं, त्यांनी ती पायाखाली सरकवली. कंडक्टरने शेवटी माझं एकटीचंच तिकीट दिलं, पण नांदगाव मागे पडेपर्यंत तो अधूनमधून टोपलीकडे संशयाने बघत होता.

मला मात्र हसू येत नव्हतं. बोका आता ओरडतही नव्हता. जाळीतून मी बोट घातलं, तर एरवी चावणारा तो प्राणी नुसता बोटाला नाक लावून पडून राहिला. तेव्हा मी खरी घाबरले.

मुलीने शोधलेला दवाखाना खाजगी होता. आत एसी, सोफा, भिंतीवर कुत्र्यांचे फोटो. एवढा थंडावा मी माझ्या बाळंतपणातही पाहिला नव्हता. काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "बाळाचं नाव काय?"

"बोका."

"आणि मम्मीचं?"

मी मागे वळून पाहिलं. मग कळलं, मम्मी म्हणजे मी. तिने बोक्याच्या कार्डावर आमचं आडनाव टाकलं. सासरचं आडनाव मिळवायला मला पाच दिवसांचं लग्न आणि सासूबाईंची बारा वर्षं लागली होती, बोक्याला दोन मिनिटांत मिळालं.

शेजारी एक बाई मांडीवर लांब केसांचं मांजर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या टोपलीकडे पाहिलं. "कुठली ब्रीड आहे?"

"नेरची," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू अशी एक जात त्यांनी ऐकली होती.

डॉक्टरीण बाईंनी बोक्याला लगेच आत घेतलं. गुंगी दिली, नळी घातली, रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "खड्याची रेती होती. मूत्रपिंडावर ताण आलाय, पण वाचेल. दोन दिवस ठेवावं लागेल." मग त्यांनी विचारलं, "नुसता कोरडा खाऊ देता का? पाणी किती पितो?"

पाणी किती पितो हे मला माहीत नव्हतं. या उन्हात तो किती पाणी पितो हे घरात कोणीच कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, कोरडं कमी करा, ओलं अन्न द्या, जागोजागी पाणी ठेवा, आणि बरा झाला की नसबंदी करून घ्या.

बिल हातात आलं तेव्हा मी सोफ्यावर परत बसले. तेवढ्या रकमेत आमच्या गोदामातले उंदीर पिढ्यानपिढ्या उत्तम बियाणं खाऊन सुखात नांदले असते. मी कार्ड पुढे केलं. नवऱ्याच्या मोबाइलवर मेसेज गेला असणार, कारण लगेच त्याचा फोन आला.

"बोका घेतला का नवीन?" त्याने विचारलं.

बोका दोन दिवसांनी घरी आला आणि बातमी त्याच्या आधी पोचली होती. गावात माझं नाव नवीन पद्धतीने घेतलं जाऊ लागलं, मांजराची सोनोग्राफी करणाऱ्या बाई. दुकानात लोक खताच्या भावाआधी बोक्याची तब्येत विचारू लागले. दरवेळी बिलाचा आकडा फुगत गेला. माझ्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, बिल्लीले लाख रुपये लागले म्हणे?" सासूबाई अंथरुणावर होत्या त्या वर्षभरात याच नणंदेचा फोन लागत नव्हता, तिच्या गावात रेंज नव्हती. बोक्याच्या आजारपणात टॉवर उभा राहिला.

नवऱ्याला हे सगळं फार लागलं. नसबंदीचं ऐकून तर तो माणुसकीवरच घसरला. "बिचाऱ्यानं काय केलं तुमचं? त्याची जिंदगी खराब करता!" आजवर त्याने बोक्याच्या जिंदगीची चौकशी केली नव्हती. ते ऑपरेशनही मी एकटीनेच करून आणलं. नवरा आठवडाभर बोक्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

आता खरी गोष्ट अशी की मुतखडा नवऱ्यालाही होता. वर्षानुवर्षं. डॉक्टरकडे जायचा नाही, कुळथाचं पाणी प्यायचा आणि कुंडीतली पानफुटीची पानं चावायचा. आमची पानफुटी कधी वाढलीच नाही, बिचारीला नवं पान फुटलं की तो खाऊन टाकायचा. सोनोग्राफी करू म्हटलं की म्हणायचा, "उगाच खर्च कायले?"

पेरणीच्या तोंडावर दुकानात गर्दी असताना त्याच्या कमरेत कळ आली. मी पोचले तेव्हा तो बियाण्याच्या थैल्यांमध्ये जमिनीवर वाकडा पडला होता, घामाने चिंब. गिऱ्हाइकं भोवती उभी राहून सल्ले देत होती. कोणी बिअर पाजा म्हणत होतं, कोणी उड्या मारायला लावत होतं.

"लघवी कधी झाली?" मी विचारलं.

"काल," तो म्हणाला.

"चला अमरावतीले. उठा."

"अवं, गॅस झाला असन."

मला तेव्हा एवढा राग आला की मी गिऱ्हाइकांसमोरच ओरडले, "बोक्यालाही गॅसच झाला होता!"

गर्दीतून कोणीतरी हसलं. नवऱ्याने कण्हत माझ्याकडे पाहिलं. "त्याच्याच दवाखान्यात नेतं का?"

"तिथं एसी आहे," मी म्हटलं. "पण तुमचं आडनाव तिथं आधीच लागलंय."

दोन गिऱ्हाइकांनी त्याला उचलून गाडीत टाकलं आणि त्यातल्याच एकाने गाडी चालवली. माणसांच्या दवाखान्यात एसी नव्हता. सोफाही नव्हता, एक बाक होता आणि त्यावर आधीच पाच जण होते. मला कोणी मम्मी म्हटलं नाही. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पैसे भरले का?" नवऱ्याची सोनोग्राफी झाली, खडा नळीत अडकलेला निघाला. दुर्बिणीने काढावा लागला. डॉक्टर म्हणाले अजून उशीर केला असता तर किडनी गेली असती. मग त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "पाणी किती पिता?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. या बाबतीत बोलण्यासारखं बरंच होतं, पण त्याच्या हाताला सलाइन लावलेलं होतं आणि त्या हाताने तो माझा पदर धरून होता. भीती वाटली की तो असं करतो. त्याची आई गेली तेव्हाही असाच धरला होता.

त्याचं बिल बोक्याच्या बिलाच्या कितीतरी पुढे गेलं. गावात त्याची चर्चा झाली नाही. त्या आकड्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

घरी आल्यावर मी दोघांचं खाणं एकदमच करू लागले. बोक्याला बिनमिठाचं कोंबडीचं सूप, नवऱ्याला दुधीची भाजी. पहिल्याच दिवशी तो ताटाकडे बघत बसला. मग खाली बोक्याच्या वाटीकडे पाहिलं.

"त्याले कोंबडी," तो म्हणाला, "आन् मले हे?"

"त्याची डॉक्टरीण चांगली आहे," मी म्हटलं.

तो निमूट जेवला. मी भांडी घासायला आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले, तर तो खुर्चीत वाकून वाटीतलं सूप बोटाने बोक्याच्या तोंडाजवळ नेत होता आणि हळू आवाजात त्याला समजावत होता, "पी ना बे. लय दुखते ते. तुले तं माहीत हाय."