पोरीचा देवमासा

त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी. माझी सून. माझी नात, तेव्हा पाचवीत होती. माझा धाकटा दीर आणि त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ. एवढीच माणसं. माझा मुलगा दर्यात होता, बोटीवर, म्हणून तर सगळं झालं. नावं सांगत नाय. आमच्या कोळीवाड्यात सगळ्यांना सगळी माहीत हायेत, आणि बाहेरच्यांना घेऊन काय करायचंय.

मला सही येते, लिहिता येत नाय. मी बोलते, सून लिहून घेते. तिला आधीच सांगितलंय, तुझ्याबद्दल पण बोलणार हाय, ते खोडायचं नाय.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. तेवढेच दिवस पोरीला बाप मिळतो. त्या साली त्याने अंधेरी स्टेशनाजवळच्या दुकानातून एक जुना गेम आणला, हातात धरून खेळायचा, डब्यासारखा. त्यात जनावरं पकडायची. गवतातली, गुहेतली, पाण्यातली. पकडायची, वाढवायची, त्यांना नावं द्यायची. बापलेक दुपारभर ओट्यावर तेच करत बसायचे. जाळी शिवायची सोडून हे काय म्हणून मी ओरडायची.

त्यात एक जनावर होतं, दर्याच्या तळाशी राहणारं. पोरगी बोलायची, आजी, तो लेजेंडरी हाय. म्हणजे काय गं? तर अख्ख्या गेममध्ये तसला एकच. कोणाला मिळतो, कोणाला कधीच मिळत नाय. झोपून असतो, आणि उठला की समुद्र उसळतो, वादळ येतं. मला चित्र दाखवलं. काळा-निळा, मान लांब, पंखांवर पांढरे ठिपके. मी बोलले, हा बाजारात कोण घेणार, नुसते काटे हायेत. मुलगा हसला. बोलला, आये, हा देवमासा हाय, हा विकायचा नसतो. तेव्हापासून घरात त्याचं नाव देवमासा.

दोघांनी सगळा पावसाळा त्याला शोधला. नाय मिळाला. नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला, बोटी सुटल्या. जाताना मुलगा पोरीला बोलला, तू शोधत राहा, मिळाला की ठेव, मी आलो की दोघं मिळून बघू.

तिला तो दिवाळीच्या तोंडावर मिळाला. शाळेतून आली, युनिफॉर्म पण काढला नव्हता, आणि एकदम किंचाळली. मला वाटलं विंचू चावला. गेम छातीशी धरून घरभर नाचत होती. बापाला फोन लावायचा तर दर्यात रेंज कुठे असते. मग तिने ठरवलं, पप्पा येईपर्यंत पुढे खेळायचंच नाय. रोज उघडायची, देवमासा हाय ना बघायची, बंद करून ठेवायची.

आणि वादळ आलं.

सांगून आलं होतं, सरकारने कळवलं होतं, बाकीच्या बोटी परत फिरल्या. आमची नाय आली. वायरलेस लागत नव्हता. ज्या घरचा माणूस बाहेर हाय त्या घरी लोक येऊन बसतात आमच्यात, तसे दीर आणि जाऊ येऊन बसले. दुपारची वेळ होती पण अंधारून आलेलं. मी मागच्या दारी होते. वलांडीवर, म्हणजे बांबूवर, बोंबील सुकत होते, ते वारा नेत होता, मी एकटी ओढून ओढून पाटीत टाकत होते. मुलगा बाहेर असला तरी माल सोडून बसता येत नाय.

आत काय झालं ते मला मागून कळलं. दिराने पोरीला विचारलं, मांडीवर काय घेऊन बसलीस गं? तिने बिचारीने सगळं सांगितलं, खुशीत सांगितलं. दर्याचा राजा हाय, एकच असतो, उठला की वादळ येतं, आणि मी त्याला पकडलाय.

आता आमची एक रीत हाय. जाळ्यात कासव आलं तर ते मारत नाय. त्याच्या पाठीला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, पाया पडायचं आणि दर्यात सोडून द्यायचं. देवाचं जनावर. मी माझ्या हाताने कुंकू लावलंय कासवाला, मी काय रीत मोडणारी बाई नाय. पण कासव ते कासव. त्याला जीव असतो, ते पाण्यात जातं, आपण बघतो जाताना. बॅटरीवर चालणाऱ्या डब्यातल्या चित्राला कोणी कुंकू लावतं काय?

लावलं. माझ्या जावेने देवाजवळची कुंकवाची कुयरी आणली आणि काचेवर कुंकू लावलं. दीर पोरीला बोलला, "दर्याचं जनावर तू कोंडून ठेवलंस, आणि बाप तुझा दर्याच्या हातात हाय. सोड त्याला."

पोरगी बोलली, सोडला की परत नाय मिळत, एकच असतो. तर बोलला, बाप किती असतात?

दहा-अकरा वर्षांच्या पोरीला हे बोलला. आणि माझी सून, हीच, आता लिहितेय ती, तिने पोरीपुढे पदर पसरला. सोड गं बाय, सोड गं, म्हणून रडायला लागली. लिही. हे पण लिही. तू घाबरली होतीस ते मला माहीत हाय. तरी लिही.

मी बोंबलाची पाटी घेऊन आत आले तेव्हा पोरगी काचेवरचं कुंकू बोटाने पुसून काहीतरी वाचत होती. मोठ्याने वाचत होती, शाळेत वाचतात तसं. गेम विचारत होता, नक्की सोडायचं काय, हो की नाय. मी बोलले, काय चाललंय, थांब. तिने माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. मग बोलली, "गेला, आजी." रडली पण नाय. गेम जमिनीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आली. इंजिनाचा पट्टा तुटला होता, त्यांनी डहाणूच्या बाजूला एका खाडीत आडोशाला नांगर टाकला होता, वायरलेसची बॅटरी भिजली होती. मुलाने स्वतः सांगितलं सगळं. कोण ऐकतंय? दिराने आधीच वाड्यात सांगून टाकलं होतं की पोरीने देवमासा सोडला आणि बोट आली. बाया येऊन पोरीच्या गालावरून हात फिरवत होत्या. बापाला वाचवलास गं माझे बाय. एकीने तर खणाचं कापड दिलं तिला.

माझं डोकं तेव्हा जास्त फिरलं. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. हे लाड करत होते. पोरीच्या डोक्यात पक्कं बसवत होते की बापाचा जीव तिच्या बटणावर हाय.

मुलाला कळलं तेव्हा तो पोरीला बोलला, जाऊ दे गं, आपण दुसरा शोधू. काकाला एक शब्द बोलला नाय. मोठा माणूस, कसं बोलायचं. मी त्याला पण सुनावलं. तुझी पोर हाय, बोलायला नको?

मुलगा परत दर्यात गेला. पोरीने गेम उघडला आणि एक जनावर सोडलं. मी विचारलं, कशाला गं? बोलली, असंच. पुढच्या खेपेला अजून एक. मी लक्ष ठेवायला लागले. वारा नसला तरी सोडायची. बोट सुटली की ही ओट्यावर बसून एकेकाला बाहेर काढायची. ज्यांना बापाने नावं दिली होती ती पण सोडली. ती संपली तसे केसांचे क्लिप खाडीत टाकून आली. मग शाळेत चित्राला मिळालेली रंगाची पेटी. आईला सांगायची हरवली. मग पापलेट खाणं सोडलं, पापलेट तिचा जीव. सून बोलायची, वयात येतेय, नखरे करते. मी बघत होते.

एक दिवस मी बाजाराला निघाले होते, पाटी भरून ठेवली होती. बोट पहाटे सुटलेली. पोरगी माझ्याजवळ आली, हळूच बोलली, "आजी, आता माझ्याकडे काय नाय. आता काय सोडू?"

मला एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाय.

माझा नवरा दर्यात गेला तेव्हा हा मुलगा अंगावर पीत होता. बोट बुडाली. माझा दीर त्याच बोटीवर होता, पोरसवदा होता, तो फळकुटाला धरून वाचला. माझा नवरा नाय वाचला. सासू दारात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, हिने तिन्हीसांजेला केस विंचरले, हिने खाल्ला माझ्या पोराला. विंचरले होते मी. तान्ह्या पोराने ओढून गुंता केला होता. तेव्हापासून मी पाटी घेऊन निघाले की मागून ऐकू यायचं. पोर वाढवलं, माल विकला, सासूचं शेवटपर्यंत केलं. घरात आरसा लावला नाय. उत्तर कोणाला दिलं नाय. मी सोसलं ते सोसलं, त्याचं मला काय वाटत नाय आता. पण तीच धोंड माझ्या नातीच्या गळ्यात बांधायला तोच दीर आला, जो त्या बोटीवर होता.

मी पाटी तिथेच ठेवली नाय. डोक्यावर घेतली आणि पोरीला हाताला धरून धक्क्यावर गेले. दीर चारचौघांत बसून जाळं शिवत होता. पाटी उतरवली त्याच्यासमोर. सगळा जन्म मी त्याला भावजी, तुम्ही, असंच बोलत आले. त्या दिवशी तोंडात 'तुम्ही' येईना.

"भावजी, तू बोटीवर होतास. तुझा भाऊ माझ्या केसांनी बुडाला काय? पोरीसमोर सांग."

तो बोलला, वहिनी, हे काय आता मध्येच, बाजाराची वेळ झाली. बाजूचा एक जण हसला, बोलला, म्हातारी आज बोंबील विकायचे सोडून केस विकायला आली. मी त्याच्याकडे बघितलं पण नाय. परत विचारलं. दिराने सुई खाली ठेवली.

"पुढची फळी सुटलेली," तो बोलला. "आम्हाला माहीत होतं. निघताना दादा बोलला, आल्यावर ठोकू."

मी बोलले, मग आईला का नाय सांगितलंस? तर बोलला, आईसमोर कोण बोलणार. बस. एवढंच कारण. म्हातारीसमोर बोलायचं नाय म्हणून मी इतकी वर्षं मान खाली घालून चालले.

पाटी डोक्यावर द्यायला तो उठला. मी हात लावू दिला नाय. पोरगी आणि मी, दोघींनी मिळून उचलली. थोडी कलंडली, चार बोंबील पडले, पडू दिले.

त्या दिवशी मी बाजारात बसून पोरीला सांगितलं. बोट फळीने बुडते, पट्ट्याने अडकते, वाऱ्याने जाते. तुझ्या क्लिपाने नाय येत. ती ऐकत होती पण तिला पटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. मग मी विचारलं, तो गेम पहिल्यापासून चालू होतो काय? बोलली, होतो, पण मग आधीचं सगळं पुसलं जातं. मी बोलले, आधीचं हाय काय तुझ्याकडे? तेव्हा जरा हसली.

परत सुरू केला तिने. कितीतरी महिने लागले. मी पण बाजूला बसायची, माशा वारत. माझ्या जावेने टोमणा मारला, वहिनी आता गेम खेळतेय, उद्या जीन्स घालेल. घालीन, मी बोलले, तुझीच घालीन.

परवा देवमासा गेममध्ये परत समोर आला. तोच, काळा-निळा, मान लांब. मुलगा दर्यात हाय. पोरीने बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. पकडायचा की जाऊ द्यायचा, विचारत होती. मी बोलले, धर. तिने धरला. मी गेम तिच्याकडून घेतला आणि माझ्या कमरेला खोचला. बोलले, आता हा माझ्याकडे हाय, दर्याला काय मागायचं असेल तर मला मागेल. तू शाळेत जा.

आज तिसऱ्या प्रहरापासून दक्षिणेचा वारा सुटलाय, वादळाआधी सुटतो तसला. बोट यायची हाय. गेम माझ्या कमरेला हाय आणि तो तिथेच राहणार. सून लिहिता लिहिता दाराकडे बघतेय, मला दिसतंय. मी पण बघतेय, खोटं कशाला बोलू.

वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं हाय. बोट वेळेवर आली, उशिरा आली, नाय आली, तरी माझ्या नातीला कोणी काय बोलू नका. शिवी देऊ नका आणि शाबासकी पण देऊ नका. काय बोलायचं असेल ते मला येऊन बोला.