वापरणारं कोण हाय काय?

आमच्या आक्का काढून टाकण्यात पटाईत होत्या. बाकी सगळे कर्नलमध्ये नवीन काहीतरी घालायच्या मागे, आणि या बाई जुनं काढायच्या. कर्नल म्हणजे संगणक ज्यावर चालतो त्या प्रणालीचा गाभा. जगभरातली माणसं तो मिळून लिहितात, आणि मूळच्या निपाणीच्या आक्का शहापुरातल्या भाड्याच्या खोलीत बसून त्यातली अडगळ उपसायच्या. कालबाह्य सोयी, संगणकातलं एकच कार्ड चालवायला लिहिलेले दोन-दोन ड्रायव्हर, म्हणजे छोटे प्रोग्राम. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

काढण्याआधी मात्र त्या सगळ्यांना जाहीर मेल टाकत: हे काढतेय, कुणी वापरतं का? मग महिनोन्महिने थांबत. मला कुठला एवढा धीर! "कोण वापरतंय हे असलं, आक्का?"

"तुला ठावं न्हाय म्हणून जगात कोण न्हाय व्हय रं?" म्हणत त्या चहा ओतायच्या.

एकदा पाळी त्यांच्याच ड्रायव्हरवर आली. एका जुन्या नेटवर्क कार्डासाठी तरुणपणी लिहिलेलं त्यांचं पहिलं काम. पुढे कुणीतरी लिहिलेला नवा ड्रायव्हर तेच कार्ड सांभाळू लागला होता. केवळ आक्कांच्या मानाखातर जुन्याला कुणी हात लावत नव्हतं.

"राहू द्या की," मी म्हटलं.

"दोन असलं की चूक एकात दुरुस्त हुत्या, दुसऱ्यात तशीच ऱ्हात्या," म्हणाल्या आणि मेल धाडून मोकळ्या झाल्या. पण त्यानंतर रोज सकाळी आधी उत्तर आलंय का ते बघायच्या. आपलं काम कुठंतरी कुणाच्या उपयोगी पडत असावं, असं त्यांना फार वाटत होतं.

उत्तर आलं, तेही जवळच्याच लोंढ्याहून! झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या एका मामांचं. त्यांचं जुनं मशीन, म्हणजे दुकानातला संगणक, आक्कांच्याच ड्रायव्हरवर चालत होतं. नवा लावला की, वापर नसताना झोपी गेलेलं मशीन उठल्यावर नेट काही परत येत नसे. आक्का पोरीसारख्या हरखल्या. वापरणारा सापडला की काढायचं नाही, हा त्यांचाच नियम. वाचला ड्रायव्हर, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घेऊन लोंढ्याची गाडी पकडली. दिवसभर त्या दुकानात बसून नव्या ड्रायव्हरमधली चूक शोधली, दुरुस्त केली. मशीन झोपलं, उठलं, नेट आलं.

"पयल्यापरीस झ्याक चालतंय की," मामा म्हणाले.

आक्का हसल्या. येताना मात्र खिडकीकडं तोंड करून बसल्या. खानापूर मागे पडल्यावर म्हणाल्या, "आता कोण न्हाय रं वापरणारं. काढूया."

गेल्या वर्षी आक्का वारल्या. त्यांचं काम आता माझ्याकडे आहे, आणि मीही विचारतो, थांबतो. परवा फार आठवण आली म्हणून लोंढ्याला फोन लावला, मशीन चालतंय का विचारायला.

"चालतंय की! रोज सकाळी उठतंय," मामा म्हणाले. "आक्कास्नी सांगा, एकदा यीऊन बघून जावा म्हणावं."

"सांगतो," एवढंच मी म्हटलं.