अंबाड्यातला टेस्टर

बाकीच्या बायका अंबाड्यात आकडा खोवतात, नाहीतर अबोली. आमची ही टेस्टर खोवायची. पिवळ्या दांड्याचा. लग्नाला जाताना, हळदीकुंकवाला जाताना, सगळीकडं. एकदा देवळातला पंखा बंद पडला तर हिनं अर्धी प्रदक्षिणा सोडून टेस्टर उपसला, आणि पुजारी हातातली घंटा तशीच धरून बघत राहिला. आमच्या नवनगरात तिला इंजिनियर अक्का म्हणायचे. मी इंजिनियर अक्काचा नवरा. मला वेगळं नाव ठेवायची कुणाला गरज पडली नाही.

मी अळणावरकडचा, चौथी शिकलेला. जन्म लाकडाच्या वखारीत करवतीपुढं गेला. ही सातवीपर्यंत गेलेली, पण लग्नाआधी सहा वर्षं स्टॅबिलायझरच्या एका छोट्या कारखान्यात तारांच्या जोडांना कथलाचे डाग लावायला होती. त्या धुराचा वास तिला उदबत्तीपेक्षा आवडायचा, हे मी खोटं सांगत नाही. संसाराला लागली तरी तिचे हात गप्प बसेनात. मग घरातली एकेक वस्तू आपोआप चालायला लागली, म्हणजे आधी आपोआप बंद पडायला लागली.

दाराबाहेरच्या दिव्याचंच बघा. अंधार पडला की आपला आपण लागणार, असा दिवा तिनं केला. उजेड ओळखणारा शेंगदाण्याएवढा डोळा त्याच्या खाली बसवला. संध्याकाळ झाली, दिवा लागला. त्याचा उजेड डोळ्यावर पडला, डोळ्याला वाटलं सकाळ झाली, दिवा गेला. अंधार झाला, परत लागला. तासभर असंच लुकलुक. समोरचे लोक विचारायला आले, आज कसला सण. मी म्हटलं फेकून दे. ती दोन संध्याकाळी स्टूल टाकून दिव्यापुढं बसली आणि मग मलमाच्या डबीचं टोपण लावून डोळ्याचं तोंड पेरूच्या झाडाकडं फिरवलं. "बिचाऱ्याला स्वतःचाच उजेड दिसत होता," म्हणाली, "तुमच्या वखारीतल्या मंडळींसारखं."

पण खरं दुखणं पाण्याचं होतं. आमच्याकडं नळाला पाणी आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी. वेळ ठरलेली नाही. गल्लीत "नीर बंतु", पाणी आलं, अशी ओरड उठली की पळायचं. आमचा हौद लहान. भरत आला की मोटर लावून पाणी वरच्या टाकीत चढवायचं, परत हौद भरू द्यायचा, परत चढवायचं. ते चुकलं तर आठवडा कोरडा. मी दिवसभर वखारीत. म्हणून ही घराला बांधलेली.

आणि तिची आई कलघटगीत अंथरुणाला खिळलेली. ही सकाळच्या बसनं जायची आणि जीव मुठीत धरून संध्याकाळी परत यायची. एकदा मी म्हणून गेलो, तिथं तुझी भावजय आहे की. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "पाण्यासाठी मी इथं बसायचं. आईला काय सुतकात भेटू?"

त्यानंतर पंधरा दिवस बिस्किटाचा पत्र्याचा डबा आमच्या स्वयंपाकघरात उघडा पडलेला होता, आत तिचं नवं यंत्र. हौदात पितळेच्या दोन काड्या. पाणी त्यांना टेकलं की मोटर सुरू. हौद उपसला किंवा वरची टाकी भरली की बंद. ती घरात असताना तीनदा पाणी आलं आणि तीनदा यंत्र शहाण्यासारखं वागलं. मग पिशवी भरून ती कलघटगीला गेली, आठ दिवसांसाठी.

चौथ्या दिवशी पाणी येऊन गेलं आणि टाकीत एकाच हौदाचं पाणी चढलं. मीच फोन करून तिला बोलावून घेतलं. ती आल्या आल्या पदर खोचून डब्यापुढं बसली. हौदात बादलीनं पाणी ओतून बघितलं, यंत्र चालू. एकेक जोड टेस्टरनं ठोकून बघितला, सगळं ठीक. मग माझी उलटतपासणी. मी सांगितलं, दिवसभर हे मुकाट होतं, संध्याकाळी मी घरी आलो आणि मोटर लागली.

"घरात आल्यावर पहिलं काय करता?"

"चप्पल काढतो."

तिनं टेस्टर परत अंबाड्यात खोवला. "आमच्या कारखान्यातले मेस्त्री सांगायचे," म्हणाली, "यंत्रात बिघाड सापडला नाही तर यंत्राजवळचा माणूस तपासा." आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली होती, घराला कुलूप लावताना माझं मला कळलं. वखारीत आग लागू नये म्हणून निघताना विजेचा मेन खटका पाडायचा, असा कायदा होता. बावीस वर्षं माझा हात तेच करत होता, घरी पण. मेन पाडून गेल्यावर बिचारं यंत्र काय करणार? मी खटका परत वर केला आणि गप्प बसलो. बायकोपुढं चूक कबूल करायला आमच्या वखारीत कुणी शिकवलं नव्हतं. आता मेनला हात लावायचा नाही, एवढं मनाशी ठरवलं. त्या संध्याकाळी ती म्हणाली, एक ढिली वायर होती, आवळली.

ती परत गेली. एकवीस दिवस राहिली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून आई गेली. इकडं टाकी एकदाही रिकामी पडली नाही. ती आल्यावर मी छाती फुगवून सांगितलं, मी लक्ष ठेवलं म्हणून. "म्हणून तर जमलं हो," ती म्हणाली.

आमच्या हिला जाऊन आता दीड वर्ष झालं. पोटाचं दुखणं, तीन महिन्यांत आटोपलं. तपासणीचे कागद चाळून मला म्हणाली होती, "आतलं वायरिंग जुनं झालंय. हे बदलता येत नाही."

परवा मीटर बदलायला माणूस आला. मी भाजीला निघालो होतो, कुलूप लावून फाटकाशी पोचलेलो. परत फिरून दार उघडलं. "अप्पा, मेन पाडा," तो म्हणाला. बघितलं तर पाडलेलाच होता. माझ्याच हातानं, आत्ताच. आणि नळाला पाणी आलेलं, मागं मोटर चालू.

तो चक्रावला. बोर्डाची फळी खोलली. मोटरची वायर मेनच्या अलीकडून घेतलेली होती, मीटरमधून थेट, वेगळा फ्यूज घालून. म्हणजे माझी सवय कधी मोडलीच नव्हती. "कुणी केलंय? भारी काम आहे," तो म्हणाला.

तिनं प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी गुंडाळून पेनानं नाव घातलं होतं. देवघर. पंखा. बाहेरचा दिवा. या वायरीवरची अक्षरं मला एकेक जुळवत वाचावी लागली. चष्मा पण ओला झाला होता. लिहिलं होतं, "ह्यांचा हात पोचणार नाही."

"काय लिहिलंय अप्पा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, मोटर.