बंड्या वाळूत, मग डब्यात कोण?

हव्वाबी सापाला घाबरते, हे दुबईत अल मनखूलमधल्या त्या बिल्डिंगीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. झुरळ दिसलं तरी ती स्टुलावर चढायची. तिसऱ्या मजल्यावर सुजीत आणि कावेरी राहायचे, त्यांच्या घराचा उंबरठा तर ती ओलांडायचीच नाही, कारण त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत बंड्या राहायचा. बंड्या म्हणजे वाळूतला साप. वीतभराहून थोडा मोठा, जाडसर, बिनविषारी, आणि डोळे थेट डोक्याच्या माथ्यावर. आपल्याकडच्या मांडुळाचा चुलतभाऊ म्हणा. सुजीतने तो लेकीच्या, वैभवीच्या हट्टापायी आणला आणि मग लेक राहिली बाजूला, त्याचं वेड लागलं ते बापालाच.

खरी गोष्ट निराळी होती. हव्वाबी सापाला मुळीच घाबरत नव्हती. साप ती ओळखायची, आणि ही ओळख कुणाला दिसू नये म्हणून घाबरायची. तिचे अब्बा रत्नागिरीजवळच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, फुरशी, म्हणजे ते छोटे विषारी साप, पकडायचे. दगड उलटवायचे, काठीच्या टोकावर अलगद उचलायचे, मडक्यात सोडायचे. ती जिवंत फुरशी मुंबईला जायची, तिथं त्यांच्या विषापासून औषध बनायचं. या धंद्यात अब्बांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि गावात 'फुरसेवाला' हे नाव मिळालं. हव्वा दहा वर्षांची असताना आई वारली, आणि पुढे ती मामूकडे वाढली. युसुफचं स्थळ आलं तेव्हा मामूने घर बघितलं, माणसं बघितली, आणि खुशाल सांगून टाकलं की मुलीचा बाप वारला. हव्वा अठरा वर्षांची होती. ती गप्प बसली, आणि त्याला आता बारा वर्षं झाली होती. दर दोन वर्षांनी सुट्टीवर गेली की मामूकडे जाते असं सांगून एका दुपारी ती अब्बांना चोरून भेटून यायची. हे उघडं पडलं तर सासू मैमुनाबी आपल्याला पहिल्या विमानात बसवून देतील, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

१९९७ सालच्या मार्चमधला तो शुक्रवार. सुजीत शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये क्वालिटी मॅनेजर होता. फ्री झोनच्या पलीकडे, खुरट्या झुडपांची मोकळी वाळू त्याला ठाऊक होती. दर शुक्रवारी तो बंड्याला झाकणाच्या डब्यात घालून तिथं 'फिरायला' न्यायचा. आता सापाला फिरायला नेणारा माणूस पुण्यात निघाला असता तर पेठेत वरात निघाली असती त्याची. पण परदेशात माणसं अशीच काहीतरी होऊन बसतात. त्या दिवशी युसुफलाही सगळ्यांना घेऊन येण्याचा आग्रह झाला. हव्वाबीने बिर्याणीचं पातेलं मांडीवर घेतलं, मैमुनाबींनी पानाचा डबा घेतला, आणि दोन गाड्या निघाल्या.

बघण्यासारखं होतं ते, हे कबूल करायला हवं. सुजीतने काठीने वाळूत मोठं वर्तुळ आखलं आणि बंड्याला मधोमध सोडलं. क्षणभर तो निपचित पडला, मग नाक खुपसलं, अंगाला दोन झटके दिले आणि बघता बघता खाली गेला. वर उरली फक्त वाळूची एक वळवळती रेघ. ती हळूहळू पुढे सरकायची, थांबायची, मग वाळूतून दोन बारीक डोळे वर यायचे.

"ही इज स्विमिंग, बाबा!" वैभवी वहीत वेळ लिहून घेत ओरडली.

"अरे, काय चीज आहे यार!" युसुफ उकिडवा बसून बघत राहिला.

हव्वाबी मात्र सगळ्यांकडे पाठ करून गाडीशी बसली. कावेरी हसली. "भाभी, एकदा तरी बघा हो, काही करत नाही तो." हव्वाबीने कानाला हात लावला. नाटक इतकं अंगवळणी पडलं होतं की तळव्याला खरंच घाम फुटायचा.

थोड्या वेळाने रेघ झुडपाखाली गेली आणि दिसेनाशी झाली. सुजीत हाताने वाळू उकरायला लागला. एकाएकी त्याने हात झटकला.

"आई गं! चावला की मला! एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा चावला!" आणि मोठमोठ्याने हसला. बोटावर रक्ताचे दोन ठिपके होते. वैभवीच्या प्लॅस्टिकच्या फावड्याने त्याने तिथली वाळू सापासकट उचलली, डब्यात ओतली, झाकण लावलं. "आज साहेबांचा मूड नाही. खलास, चला जेवायला."

बिर्याणीवर ताव मारून झाला. सुजीत मजेत होता, फक्त डाव्या हाताने बोट दाबून धरत होता. "सुजलंय जरा," तो म्हणाला. टिश्यूमागून टिश्यू लाल होत होता, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

वैभवी डब्याशी गेली आणि तिने तो हलवला. आतून आवाज आला. खर्रर्र, खर्रर्र. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा.

हव्वाबीच्या हातातली ताटली खाली पडली. हा आवाज बांबूच्या झाकणाखालच्या मडक्यातून तिने लहानपणी रोज ऐकला होता. या आवाजाने ती झोपायची आणि याच आवाजाने उठायची. इथं, या परक्या वाळूत, तो तिच्या पाठीमागून आला.

तेवढ्यात वैभवी वर्तुळाकडे वळली आणि थबकली. वाळूत दोन बारीक डोळे वर आले होते.

"बाबा, बंड्या इज हिअर." ती डब्याकडे बघत म्हणाली, "देन हू इज इन द बॉक्स?"

 सुजीतच आधी सावरला. "त्याची बायको असेल! अगं, दुसरा मांडूळच असणार. वाळूत पुरून घेतो म्हणजे मांडूळच. आणि केवढासा आहे बघ. विषारी असता तर फणा नसता काढला?"

"डबा ठेव खाली," हव्वाबी म्हणाली. वैभवीने ठेवला. हव्वाबी उठली, ज्या बाईने बारा वर्षं झुरळ बघून किंकाळी फोडली ती सरळ चालत गेली, वाकली, आणि काठीने झाकण उचकटून आत बघितलं. वेटोळ्यावर वेटोळं घासत ते बसलं होतं. डोक्यावर बाणासारखी खूण. तिने झाकण घट्ट दाबलं.

"सुजीतभाऊ, थुंका."

"काय?"

"थुंका म्हणते ना."

सुजीत थुंकला. वाळूवर गुलाबी डाग पडला. कावेरीने तोंडावर हात दाबला.

"फुरसं आहे हे. तासभर झाला, तुमचं रक्त थांबत नाही. आता हिरड्यांतून येतंय. हात हलवू नका, धावू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

"भाभी, उगाच घाबरवू नका हो. घरी जाऊन डेटॉल लावतो. उद्या टिटॅनसचं इंजेक्शन घेतो." सुजीत हसला, पण अर्धवटच. "आणि तुम्हाला काय कळतं सापातलं? तुम्ही तर..."

"हव्वा, तू गप बस," युसुफही म्हणाला. "तू कधी साप बघितलास?"

मैमुनाबी पानाचा डबा हातात धरून तिच्याकडेच बघत होत्या. हव्वाबीला वाटलं, अजूनही गप्प बसता येईल. 'ऐकलं होतं कुठंतरी' म्हणता येईल. पण तेवढ्यावर हा शहाणा माणूस गाडीत बसणार नाही, हेही तिला दिसत होतं. लाल टिश्यू पुन्हा त्याच्या मुठीतून गळून पडला.

"माझे अब्बा फुरशी पकडतात," ती म्हणाली. "तीस वर्षं पकडतात. त्यांची दोन बोटं गेलीत. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावातला एक माणूस असाच हसत घरी गेला होता, भाऊ. तिसऱ्या दिवशी त्याला पुरला. बसा गाडीत!"

शेवटचे दोन शब्द तिने असे ओरडून म्हटले की सुजीत मुकाट्याने बसला.

"पकडतात?" युसुफ जागेवरून हलला नाही. "तुझे अब्बा तर..."

"जिवंत आहेत. यल्ला, गाडी काढा."

युसुफने गाडी थेट शारजाच्या हॉस्पिटलला नेली. हव्वाबीने डबा मांडीवर ठेवला होता, तोच तिने डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. डॉक्टर दोन पावलं मागे सरले. पण नेमकं औषध शोधण्यात वेळ गेला नाही. रात्र व्हायच्या आत सलाइन लागलं. वेळेत आणलं, अजून दोन-तीन तास गेले असते तर सांगता आलं नसतं, असं त्यांनी कावेरीला सांगितलं. कावेरी बाहेर आली आणि हव्वाबीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

नंतर कॉरिडॉरमध्ये तिघंच उरली. मैमुनाबींनी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. हव्वाबी दचकली. विमानाचं तिकीट निघणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

"पोरी, एका घरचा दिवा वाचवलास तू," मैमुनाबी म्हणाल्या. "फुरसेवाला तर फुरसेवाला. हलालाची कमाई आहे. तुझ्या मामूला मी बघून घेईन."

बारा वर्षांची भीती अशी चार वाक्यांत संपावी, यावर हव्वाबीचा विश्वासच बसेना. ती रडायला लागली.

युसुफ समोरच्या भिंतीकडे बघत होता. "दर शबेबरातला त्यांच्या नावाने फातिहा पढला मी," तो म्हणाला. "मेलेल्यासाठीची दुआ, जिवंत माणसाच्या नावाने. तू बाजूला उभी राहून आमीन म्हणायचीस."

हव्वाबीने डोळे पुसले.

"मी विचार करतोय," तो सावकाश म्हणाला, "लेकीचं लग्न झालं आणि जावई बारा वर्षांत एकदाही दारात आला नाही. त्यांनी कधी विचारलं नाही तुला, का येत नाही म्हणून?"

"विचारतात."

"मग काय सांगतेस?"

आज एवढं खरं बोलून झालं होतं, आता पुन्हा खोटं बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"तुम्हाला त्यांची लाज वाटते, असं सांगितलंय," हव्वाबी म्हणाली. "तुम्हाला आणि अम्मींना."

युसुफने तोंड फिरवलं. मैमुनाबींनी तिच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला, पानाचा डबा उचलला आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसल्या.