काळं पाणी, तुरटी आणि पोहे

दापोड्याला सासऱ्यांच्या शेताला लागून एक ओहोळ होता. गोदामांसाठी जमिनी गेल्या आणि एका उन्हाळ्यात ओहोळावर मुरूम पडू लागला. सासरे सासूबाईंना आणि नणंदेला घेऊन आमच्याकडे, भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या फ्लॅटवर राहायला आले. ज्या पाण्यात त्यांचं बालपण गेलं, त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. जेवायचे, खिडकीत बसायचे, झोपायचे. हे मला बघवेना.

सगळा ओहोळ भरून व्हायच्या आत मी बादली घेऊन गेले आणि उरल्यासुरल्या डबक्यातले मासे धरून आणले. बोटाएवढे, शेपटीपाशी काळा ठिपका, बाजारात कुणी फुकट घेणार नाही असे. ओहोळाचं म्हणून आता तेवढंच शिल्लक होतं. ते मेले की संपलं.

"ओहोलाचा मासा काचंत न्हाय जगाचा," सासरे म्हणाले.

"बघाच तुम्ही, बाबा," मी म्हटलं. मी एकदा मनावर घेतलं की घेतलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरुवातीला मी काचेच्या टाकीत स्वच्छ पाणी भरलं, निळे-पांढरे खडे पसरले, वर ट्यूब लावली. मासे पांढरेफटक पडले आणि कोपरा धरून बसले. रोज सकाळी एखादा उलटा तरंगायचा. मग मला डबकं आठवलं. जांभळाच्या सावलीत पानं कुजून तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं असायचं. या माशांनी उभ्या जन्मात काचेसारखं पाणी पाहिलं नव्हतं आणि मी त्यांना उघड्यावर आणून बसवलं होतं.

मी खडे फेकले. दापोड्याहून वाळू आणली, झाडाचं एक वाळकं मूळ आणलं. जांभळाची, उंबराची, देशी बदामाची आपोआप गळलेली, खडखडीत वाळलेली पानं गोळा केली, धुऊन उकळली आणि तळाला अंथरली. काही पानांचा काढा करून पाण्यात घातला. ट्यूब काढून टाकली. पाणी हळूहळू गडद झालं आणि मासे पानांमधून फिरू लागले. ठिपके ठळक झाले, पोटाला लाली आली. सासऱ्यांनी आपली खुर्ची खिडकीतून उचलून टाकीसमोर आणली. मी मनातून फार सुखावले.

भिवंडीत काळं पाणी म्हणजे कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या गटाराचं. शेजारीण म्हणाली, "भाभी, नाले का पानी घर में काहे को रखा?" मी तिला ठणकावून सांगितलं, "नाले का नहीं, जंगल का है." सासूबाई मात्र टाकीवरून जाताना नाक मुरडत राहिल्या.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा आमच्याकडे घरोघरी तुरटी फिरवतात. सासूबाईंची तुरटी स्वयंपाकघरात कायम हाताशी असायची. नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते, त्या दिवशी मी पोह्यांचा कांदा चिरत होते आणि सासूबाईंनी टाकीत तुरटी फिरवली. चांगली, कोपरापर्यंत हात बुडवून.

मी बाहेर आले तेव्हा टाकी लख्ख होत होती. तपकिरी रंग गोळा होऊन साय फाटावी तसा तळाला बसत होता आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"आई, हे मासे मारताय तुम्ही."

त्यांचा चेहरा उतरला. "मी त पियाच्या पान्यातच फिरवते ती. पावने काला पानी बघून काय बोलले असते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण भांडायला वेळ नव्हता. टाकीत वरचेवर घालायला म्हणून पानांचं मुरलेलं पाणी मी मोठ्या पातेल्यात भरून ठेवायची. ते हॉलच्या मधोमध आणून ठेवलं आणि बेल वाजली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.

पाहुणे सोफ्यावर बसले. मी त्यांना नमस्कार केला आणि चहाच्या गाळणीने एकेक मासा पातेल्यात सोडू लागले. नणंद नेसलेल्या साडीनिशी हवेची नळी धरून बसली. सासऱ्यांनी पाहुण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघे दुखत असताना ते फरशीवर बसले आणि दोन्ही हातांनी पातेलं धरून माशांकडे बघत राहिले. काही मासे गेले. उरलेले आधी आडवे झाले, मग एक सरळ झाला, मग दुसरा, आणि पानांच्या रंगात खाली गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

मुलाची आई मघापासून वाकून बघत होती. "कुठचे हो मासे?"

"आमच्या ओहोलाचे," सासरे म्हणाले.

"दापोड्याला ना तुमचं? तिकडे तर सगळी गोदामं झाली. ओहोळ कुठं राहिलाय आता?"

मी सासऱ्यांकडे बघायचं टाळलं.

"हा काय," सासरे म्हणाले, आणि तिला नीट दिसावं म्हणून पातेलं थोडं पुढे सरकवलं.