देवकाबाई आणि गुहागरचं भात

आमच्या मोठ्या जाऊबाई देवकाबाई यांचा जीव दोनच ठिकाणी अडकलेला: कामठ्याचं शेत आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा उमेंद्र. यातल्या एकाकडेही कुणी प्रेमानं पाहिलं की यांच्या पोटात दुखायला लागतं. सून रेणूला हे मांडवातच कळलं, ती बिचारी जपून असते.

दसरा झाल्यावर उमेंद्रनं आम्हाला कोकणात नेलं, गुहागरजवळच्या खेड्यातल्या एका कौलारू घरात. समुद्र तिथून चालत जाण्याइतका जवळ. बाईंचे गुडघे दुखतात म्हणून सोबतीला मला घेतलं होतं. समुद्र पाहून बाई म्हणाल्या, एवढं पाणी, पण पाळ नाही, वावरात एक थेंब नेता येत नाही. आमच्या गावाकडच्या पाळ बांधलेल्या तलावांपुढे त्यांना कशाचंच कौतुक नाही, म्हणून मी ते सोडून दिलं.

खरी आग लागली ती घरमालकीण सुलोचनाबाईंमुळे. बोलायला गोड, हाताला चव. पहिल्याच सकाळी त्यांनी घावणे वाढले आणि उमेंद्र म्हणाला, इतकं मऊ आयुष्यात काही खाल्लं नाही. देवकाबाईंनी ताटली बाजूला सारली. नात टीना सुलोचनाबाईंकडून वेणी घालून आली, तर यांनी ती सोडून पुन्हा घातली. उघड उघड हेवा. "बाई, जळून राहिल्या का?" असं मी विचारलं, तर दिवसभर माझ्याशी अबोला.

संध्याकाळी जेवताना सुलोचनाबाई म्हणाल्या, उद्या आमचं भात कापायचंय. देवकाबाईंचा चेहरा उजळला. अबोला विसरून त्या माझ्या कानाशी लागल्या.

"आपण भात वाढतो, हे लोक कापतेत. शिजून गोळा होते का याईचा?"

आम्ही दोघी पदराआड हसलो. आमच्याकडे शेतात असतं ते धान आणि ताटात येतो तो भात. तिकडे दोन्हीला भातच म्हणतात, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार?

ते सकाळी कळलं. घरामागच्या वावरात उमेंद्र, रेणू आणि टीना वाकून धान कापत होते. उमेंद्रची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तोंडभर हसू. सुलोचनाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, माझा लेकच आलाय कापणीला.

देवकाबाई होत्या तिथेच थांबल्या. किती वर्षं झाली, उमेंद्र घरच्या कापणीला आला नव्हता. दर वेळी एकच उत्तर, सुट्टी नाही. मग बाई मजूर शोधत फिरायच्या आणि गावाला सांगायच्या, साहेब त्याला सोडतच नाही. मला वाटलं, आता या रडतील. त्या सरळ बांधावरून वावरात उतरल्या.

"घरी याले धान म्हणतेत," त्या उमेंद्रला म्हणाल्या, "म्हणून येत नाही का रे?"

उमेंद्रनं विळा बांधावर ठेवला. सुलोचनाबाईंनी त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

कार्तिकात उमेंद्र कामठ्याला आला, कुणी न बोलावता. हातपाय धुतले आणि म्हणाला, "चल माय, भात कापाले."

देवकाबाईंनी पुढे केलेला विळा मागे घेतला.

"पयले धान म्हण," त्या म्हणाल्या. त्यानं म्हटलं, तेव्हाच दिला.