दाना ओलीतली गोव्याची बोलणी

गोव्याची बोलणी दिल्लीत चालली होती असं ज्याला वाटतं, त्यानं आमचे समोरचे काका पाहिलेलेच नाहीत. ती चालली होती उत्तरेतल्या आमच्या संस्थानी शहरात, दाना ओली नावाच्या गल्लीत, त्यांच्या बैठकीच्या खोलीत! दरबारात कुणाला कुठे बसवायचं ते ठरवणं ही काकांची नोकरी. संस्थान विलीन झालं, दरबार गेला, पण काकांची बसवाबसव सुटली नाही. एका मुंजीत सख्ख्या साडूला ‘मानाप्रमाणे’ पंगतीच्या टोकाला बसवून त्यांनी जन्माचा अबोला ओढवून घेतला होता.

“बोलणी मुद्द्यांवर अडत नाहीत हो, बैठकीवर अडतात,” असं त्यांचं ठाम मत. मी इंदरगंजातल्या कचेरीतून आलो रे आलो की हाक यायची; काका भारत व्हायचे आणि मला पोर्तुगाल होऊन लोडाला टेकावं लागे. एकदा वैतागून मी म्हणालो, “काका, घेऊन टाका गोवा, पण चहा पाजा!” काका भडकले. “असा कसा देता? आधी नाही म्हणा! काही रीतभात?” आतून काकूंचं खोकल्यात अडकलेलं हसू ऐकू आलं.

हा नुसता पोरखेळ नव्हता. काकांची एकुलती एक लेक मडगावला दिलेली. सीमा बंद झाल्यापासून तिला माहेर तुटलं होतं आणि इकडे काकूंनी अंथरूण धरलेलं. जावयानं ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडला, की जंगलातल्या वाटेनं आणून सोडतो, पुष्कळ लोक येतात तसे. काका ताठ झाले. “माझी लेक चोरवाटेनं येणार नाही. बोलणी चालू आहेत, रस्ता उघडेल.” काकूंनी भिंतीकडे कूस वळवली.

बोलणी फिसकटली. काकू गेल्या. पुढे एका हिवाळ्यात फौज गोव्यात शिरली आणि बघता बघता सगळं आटोपलं. “काकासाहब, गोवा अपना हो गया!” म्हणत पोरांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. तो त्यांनी खाल्ला नाही.

महिन्याभरात लेक आली. टांग्यातून तिची ट्रंक मीच उतरवली. उंबऱ्यात थांबून तिनं विचारलं, “आई शेवटी काय म्हणाली, बाबा?”

काका म्हणाले, “काही नाही गं. मी दोन्ही देशांच्या वतीनं बोलत राहिलो. तुला आणू का, एवढं तिला विचारायचं मात्र राहून गेलं.”

लेकीनं त्यांचा हात धरला आणि दोघं आत गेली. मी ट्रंक घेऊन बराच वेळ बाहेरच उभा होतो.